देवासमोर देवाचे कपट

पावसाळा सरला आणि गोव्यातल्या देवळांचे उत्सव सुरू झाले, की गावोगावी नाटकांचे फलक लागतात. पालखी मिरवून होते, आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि रात्री उशिरा पडदा उघडतो. रंगमंचावरची माणसे गावातलीच असतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी सरकारी कचेरीत कारकून आहे, कुणाचे किराणा दुकान आहे. दीड-दोन महिने रोज रात्री जेवणे उरकून त्यांनी तालमी केलेल्या असतात. ऑर्गन आणि तबला वाजवणारे पुष्कळदा बाहेरून बोलावलेले असतात; बाकी सारा भार गावाचा. या उत्सवी रंगभूमीवर सामाजिक नाटके होतात, ऐतिहासिक होतात, आणि अजूनही एखाद्या गावात कुणीतरी हिंमत करून ‘संगीत सौभद्र’ लावतो. हिंमत म्हणायचे, कारण या नाटकात शंभरावर पदे आहेत आणि त्यातली निम्मी तरी समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना पाठ असतात.

‘सौभद्र’चा नाट्यगुण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पोटात एक धार्मिक प्रश्न दडला आहे, तिकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. हे देवाच्या उत्सवात, देवाच्या दारात होणारे नाटक आहे आणि त्याचा नायक म्हणावा असा जो श्रीकृष्ण, तो पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत लपवाछपवी करतो. थोरल्या भावाला फसवतो. संन्याशाच्या वेषाचा उपयोग सोंग म्हणून करून घेतो. ज्या बहिणीसाठी हे सारे करायचे, तिलाही अंधारात ठेवतो. देवाची पूजा म्हणून देवाचे कपट देवाला दाखवायचे, याचा अर्थ काय लावायचा?

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात रंगमंचावर आणले आणि पुढच्या वर्षी पाच अंकांचे पूर्ण नाटक केले. त्याआधी 1880 मध्ये त्यांचे ‘शाकुंतल’ गाजले होते. पण ते कालिदासाचे रूपांतर होते. ‘सौभद्र’ची रचना त्यांची स्वतःची. गोष्ट मात्र जुनी. महाभारताच्या आदिपर्वात सुभद्राहरण आहे आणि भागवताच्या दहाव्या स्कंधात, शहाऐंशीव्या अध्यायात, ती थोडक्यात पण वेगळ्या वळणाने आली आहे. सुभद्रेला दुर्योधनाला द्यायचे बलरामाच्या मनात आहे. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत येतो. बलराम त्याला ओळखत नाही, श्रद्धेने घरी बोलावतो, जेवू घालतो. मग देवयात्रेला निघालेल्या सुभद्रेला अर्जुन रथात घालून घेऊन जातो आणि याला तिच्या आईवडिलांची व कृष्णाची संमती असते. बलराम खवळतो, कृष्ण त्याचे पाय धरून त्याला शांत करतो.

या दोन कथांमध्ये एक फरक आहे. आदिपर्वातला कृष्ण अर्जुनाला सांगतो, की स्वयंवरात काय होईल त्याचा भरवसा नाही, क्षत्रियाला हरण हाही मार्ग मान्य आहे, तेव्हा तिला पळवून ने. सुभद्रेला काय हवे हे तिला विचारावे, असे तिथे दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. भागवतात तिचे मन अर्जुनावर जडल्याचे आले आहे. किर्लोस्करांनी हेच टोक धरून नाटक उभे केले. त्यांची सुभद्रा पहिल्यापासून अर्जुनाचीच आहे, आणि थोरला भाऊ आपल्या शिष्यासाठी, दुर्योधनासाठी, तिचा हात परस्पर ठरवून बसला आहे.

ज्या 1882 मध्ये हे नाटक पुण्यात आले, त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले आणि पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. दोनच वर्षांनी रखमाबाईंचा खटला सुरू व्हायचा होता: मुलगी नकळत्या वयात लावून दिलेले लग्न नाकारू शकते की नाही, हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टासमोर येणार होता. किर्लोस्कर सुधारकी पत्रके लिहीत नव्हते. सुभद्रेची भूमिकाही तेव्हा भाऊराव कोल्हटकर हा विशीच्या आतला तरुण करत होता. तरीही त्या काळच्या पुण्यात, घरच्या मोठ्याने ठरवलेले लग्न मोडण्यासाठी साक्षात देव कारस्थान करतो हे पाहणे केवळ करमणुकीचे राहिले नसणार.

तेव्हा कृष्णाच्या बाजूने पहिला युक्तिवाद तयार आहे. वडीलधाऱ्याचे ऐकणे हा धर्म, खरे बोलणे हा धर्म. पण ते धर्म पाळून एका मुलीचे आयुष्य तिला नको त्या माणसाच्या हाती जाणार असेल, तर? हा प्रश्न खुद्द महाभारताने विचारला आहे आणि उत्तर कृष्णाच्याच तोंडी घातले आहे. कर्णपर्वात तो अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाने नेहमी खरेच बोलायचे व्रत घेतलेले. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारले, त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1797 मध्ये जवळजवळ याच प्रसंगावर निबंध लिहिला आणि नेमका उलटा निकाल दिला: दारात आलेल्या खुन्याशीही खोटे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही. दोन परंपरांनी एकच कोडे समोर ठेवावे आणि एकीने सत्यवाद्याला नरकात पाठवावे, दुसरीने त्याला निर्दोष ठरवावे, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

पण कौशिकाची गोष्ट ‘सौभद्र’ला पुरी पडत नाही. बलराम दरोडेखोर नाही. त्याचे बहिणीवर प्रेम आहे. दुर्योधन त्याच्याकडे गदा शिकलेला, एका मोठ्या राज्याचा वारस. त्या काळच्या कोणत्याही वडील भावाने केला असता तोच हिशेब त्याने केला आहे. तो रागीट आहे, हट्टी आहे, पण कपटी मुळीच नाही. आणि त्याला फसवायचे साधन कोणते, तर त्याच्यातली सर्वांत चांगली गोष्ट. भगव्या वस्त्रापुढे त्याचे मस्तक आपोआप लवते. याच भाबड्या आदराच्या वाटेने कृष्ण अर्जुनाला घरात आणतो आणि यतीच्या सेवेला सुभद्रा नेमली जाते. लोभी माणसाला लोभातून फसवले तर ऐकणाऱ्याला वाईट वाटत नाही. श्रद्धाळू माणसाला श्रद्धेतून फसवले तर वाटायला हवे. प्रयोगात मात्र इथेच सर्वांत मोठा हशा उठतो.

कृष्णाला भावाशी सरळ बोलता आले नसते का? नाटक याचे उत्तर देत नाही, पण एक शक्यता सुचते. सरळ बोलला असता तर सुभद्रेचे लग्न हा दोन भावांमधला तंटा झाला असता. कुणाचा शब्द घरात चालायचा, एवढाच प्रश्न उरला असता. मग बलराम हरला तर अपमानाने पेटला असता आणि जिंकला तर सुभद्रा गेली असती. कपटामुळे निदान तंटा तरी टळला. ही बाजू मांडताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. कृष्णाने सुभद्रेलाही काही सांगितलेले नाही. त्याच्याच सांगण्यावरून भीमाचा मुलगा घटोत्कच तिला झोपेतच उचलून रानात नेतो. ती जागी होते ती भीतीने. पुढे जिच्यासाठी सारे चालले आहे तीच मुलगी, समोरचा यती कोण हे न कळता, आपण अर्जुनाला कायमचे मुकलो असे समजून रडत राहते. ज्या देवाने तिची इच्छा स्वतःची मानली, त्यानेच तिला सर्वांत जास्त रडवले.

धर्मचिंतनाच्या दृष्टीने ‘सौभद्र’चा खरा गाभा इथे आहे. खोटे बोलावे की नाही, या नीतिशास्त्रातल्या प्रश्नापेक्षा तो जुना आहे. कृपा करणाऱ्याने आपली कृपा लपवून ठेवावी का? शेवट गोड होणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने मधले दुःख शांतपणे पाहत राहावे का? बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत सृष्टीच्या हेतूबद्दल शंका येते, तेव्हा उत्तर लीलेचे मिळते: ज्याला काहीच मिळवायचे नाही त्याचे करणे हे खेळणेच असणार. तत्त्वज्ञान म्हणून हे उत्तर निर्दोष असेल. पण ज्याच्या घरात मूल आजारी आहे, त्याला तो खेळ आहे हे कोण सांगणार?

रंगभूमी याच ठिकाणी काहीतरी विलक्षण करते. प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते. यती म्हणजे अर्जुन, घटोत्कच कुणाच्या सांगण्यावरून आला, बलरामाला कधी कळणार, सगळे. सुभद्रा रडते तेव्हा समोर बसलेला माणूस तिच्या गाण्याला मान डोलावतो, पुन्हा म्हणायला लावतो. तो क्रूर नसतो. तो कृष्णाच्या जागी बसलेला असतो. शेवट माहीत असणाऱ्याला मधले दुःख कसे दिसते, याचा अनुभव त्याला त्या रात्रीपुरता मिळतो. काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी रसाचे विवेचन करताना सांगितले आहे, की रंगमंचावरचे दुःख ना नटाचे असते, ना प्रेक्षकाचे. ‘माझे’पण गळून पडलेले असते म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो, आणि हा आस्वाद ब्रह्मास्वादाचा भाऊबंद आहे. विद्यापीठात हे वाचले तर अवघड वाटते. उत्सवी नाटकात पहाटे दोन वाजता सुभद्रेच्या विलापाला दाद देणारी, स्वतःही पुष्कळ सोसलेली बाई ते जगत असते.

आणि जागेची मांडणीही पाहण्यासारखी आहे. अनेक गावांत रंगमंच देवळासमोरच्या चौकात असतो, देवाकडे तोंड करून. म्हणजे नट देवाला पाहत बोलतात आणि प्रेक्षक देवाकडे पाठ करून मधे बसतात. समोर पाहताना ते सर्वज्ञ असतात. उठून मागे वळले, गाभाऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले, की ते पुन्हा सुभद्रा होतात: पुढे काय आहे ते न कळणारे, कुणीतरी ठरवले असेल या आशेवर उभे असणारे. लीलेच्या सिद्धांताची दोन्ही टोके एकाच चौकात, दहा-वीस पावलांच्या अंतरावर येतात. भव्य नाट्यगृहात, तिकीट काढून पाहिलेल्या ‘सौभद्र’ला हे साधत नाही.

पण नाटक हे देवाची सेवा होऊ शकते, हेच मुळात सर्वांना मान्य होते असे नाही. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची हकीगत आहे. तो बुद्धाला विचारतो, की जो नट लोकांना खऱ्याखोट्याने हसवतो, आनंद देतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकी जातो असे जुनी मंडळी सांगत आली. आपले काय मत? बुद्ध दोनदा म्हणतात, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात: प्रेक्षक आधीच राग, द्वेष, मोहाने बांधलेले असतात आणि नट त्यात भर घालतो, स्वतः धुंद होतो, इतरांना धुंद करतो, तो जातो तो नरकात. तालपुट रडू लागतो. या उत्तराचे मला वाईट वाटले नाही, तो म्हणतो. आजवर जुन्या नटांनी मला फसवले याचे वाटते. पुढे तो भिक्षू झाला आणि थेरगाथा या भिक्षूंच्या पद्यसंग्रहात त्याच्या दीर्घ गाथा आहेत.

वैदिक परंपरेतही नटाची जागा सुखाची नाही. मनुस्मृतीने नटाचे अन्न वर्ज्य ठरवले आणि कुशीलवाची, म्हणजे नट-गायकाची, साक्ष अग्राह्य मानली. नाट्यशास्त्र एकीकडे नाट्याला पाचवा वेद म्हणते, रंगदेवतांची पूजा केल्याशिवाय प्रयोग करू नये असे बजावते, आणि शेवटच्या अध्यायात भरताच्या मुलांना ऋषींनी दिलेल्या शापाची कथाही सांगते. गोव्याला हा शाप पुस्तकात शोधावा लागत नाही. ज्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गायनसेवा केली, त्यांना देवापुढे मान होता आणि गावात नव्हता. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकर, बालपणी नाटक मंडळ्यांतून रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मोगूबाई कुर्डीकर, अशी नावे याच समाजातून हिंदुस्थानी संगीताच्या शिखरावर गेली. देवाला ज्यांचा स्वर हवा, त्यांनाच देवाच्या माणसांनी बाजूला बसवावे, हे कपट कृष्णाच्या कपटापेक्षा कितीतरी वाईट होते. त्यातून कुणाचेही भले झाले नाही.

तालपुटाला मिळालेले उत्तर हलके मानता येणार नाही. उत्सवी नटालाही टाळ्या हव्या असतात, कृष्णाची भूमिका कुणाला मिळाली यावरून गावात रुसवे होतात, ‘वन्स मोअर’ मिळाला नाही तर वर्षभर सल राहतो. तरीही दुसरी बाजू आहे आणि ती मराठीत फार सुंदर रीतीने आली आहे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात, ज्ञानी माणसाने लोकांसाठी कर्म कसे करावे हे सांगताना ज्ञानदेव बहुरूप्याकडे बोट दाखवतात. तो राजा होतो, राणी होतो. मनात आपण राजा किंवा राणी असल्याचा भाव नसतो. तरी सोंग मात्र तो चोख वठवतो. ज्या नटाची साक्ष मनूने नाकारली, त्यालाच ज्ञानदेवांनी निष्काम कर्माचा साक्षीदार म्हणून उभे केले.

बंगालमध्ये 21 सप्टेंबर 1884 रोजी, म्हणजे ‘सौभद्र’ पुरे झाल्यानंतर दीड वर्षाने, रामकृष्ण परमहंस कलकत्त्याच्या स्टार थिएटरात गिरीशचंद्र घोष यांचे ‘चैतन्यलीला’ पाहायला गेले. वैष्णव संत चैतन्यांची भूमिका बिनोदिनी दासी करत होती; प्रतिष्ठित समाज जिला घरात घेणार नाही अशी स्त्री. प्रयोग कसा वाटला असे विचारल्यावर अस्सल आणि नक्कल आपल्याला एकच दिसले, असे ते म्हणाल्याचे सांगतात. त्यांनी बिनोदिनीला आशीर्वाद दिला.

काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत तर हा प्रश्न आणखी पुढे नेला आहे. तिथे राम-सीता होणारी मुले त्या काळापुरती ‘स्वरूप’ मानली जातात, त्यांची आरती होते, हजारो लोक हात जोडतात. ‘सौभद्र’चा कृष्ण असा नाही. गोव्यातल्या देवळात त्याला कुणी ओवाळत नाही. किर्लोस्करांनी त्याच्याकडून एकही चमत्कार करवून घेतलेला नाही; तो रुक्मिणीशी थट्टा करतो, घरातल्या राजकारणात मुरलेल्या धाकट्या भावासारखा वागतो. त्याला पाहताना देव दिसतोच असे नाही. शेजारचा मास्तर कृष्ण झालेला दिसतो. पण माझ्या मते उत्सवी रंगभूमीचे बळ याच अंतरात आहे. सोंग हे सोंग म्हणून उघड आहे. रंग लावताना मुलांनी पाहिलेले आहे, मिशी कुणाची बोडली तेही ठाऊक आहे. अर्जुनाचा भगवा वेष बलरामाला फसवतो, कारण त्याच्यापासून लपवलेला आहे. नटाचा पीतांबर कुणालाच फसवत नाही. कपटाची गोष्ट सांगणारा हा प्रकार स्वतः पूर्णपणे निष्कपट असतो, आणि म्हणून तो देवाच्या दारात करता येतो.

ही सवलत गोव्यात सहज मिळालेली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली, तेव्हा मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देव नदीपल्याड अंत्रुजात, आजच्या फोंडा तालुक्यात, आणून वसवले गेले. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलुखात, उघडपणे हिंदू सोहळे करायला पिढ्यान्‌पिढ्या मनाई होती. हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले ते 1910 मध्ये पोर्तुगाल प्रजासत्ताक झाल्यावर. अशा मुलुखात देवळापुढे मराठी नाटक होणे ही नुसती हौस नव्हती. मंगेशीत 1900 मध्ये जन्मलेले दीनानाथ मंगेशकर लहान वयात किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, त्यामागे देवळाच्या आवारात कानावर पडलेल्या सुरांचा हात असणार. इतक्या कष्टाने टिकवलेल्या जागेत गाव देवाला काय दाखवतो? त्याचा पराक्रम दाखवतो, आणि त्याच्या लबाडीवर हसतोही. ज्या देवाला गमावण्याची भीती पाहिलेली आहे, त्याच्याशी एवढी सलगी ठेवणे मोठ्या विश्वासाशिवाय होत नाही.

राहिला बलराम. लीलेचा सिद्धांत सुभद्रेला काहीतरी देतो. तिला अर्जुन मिळतो. बलरामाला काय मिळते? त्याचा निर्णय मोडला, शिष्याला दिलेला शब्द मोडला, आणि ज्या यतीचे पाय त्याने धुतले तो यतीच नव्हता. तरीही शेवटी तो राग गिळतो आणि लग्नाला उभा राहतो. कृष्णाला सगळे आधीपासून ठाऊक होते. काही न कळता, फसवले गेल्यावर क्षमा करणारा एकटा बलराम आहे. नाटकातला सर्वांत अवघड धर्म त्याच्या वाट्याला आला आहे आणि तो त्याने पाळला आहे.

गावच्या प्रयोगात ही भूमिका बहुधा धिप्पाड, खणखणीत आवाजाच्या माणसाला दिली जाते आणि त्याने ओरडावे, लोकांनी हसावे, एवढीच अपेक्षा असते. पूर्वी ‘सौभद्र’ रात्रभर चाले. आता प्रयोग तीन-साडेतीन तासांत बसवायचा, म्हणून कात्री लागते, आणि पदांना हात लावण्याची हिंमत नसल्याने ती गद्यावर चालते. बलरामाकडे गाण्यापेक्षा बोलणेच जास्त. त्यामुळे पहिल्यांदा तोच कमी होतो. संताप शिल्लक राहतो, कारण तो रंगतो. संतापाकडून संमतीकडे येण्याची वाट मात्र दोन वाक्यांत उरकली जाते. मग बलराम विदूषक होतो, कृष्ण हुशार होतो आणि प्रश्नच नाहीसा होतो. तालमी घेणाऱ्या दिग्दर्शकाने एखादे पद कमी केले तर म्हातारी मंडळी कुरकुरतील, करू द्यावी. शेवटच्या अंकातले बलरामाचे बोलणे पुरते राहू द्यावे, आणि ते करणाऱ्या नटाला सांगावे की इथे हशा आला नाही तरी चालेल.